हायड्रॉक्सिॲपेटाइट बिघडतं ते वजनकाट्यावर: या चुका टाळा

पावसाळ्यात पुण्यातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत हायड्रॉक्सिॲपेटाइट, म्हणजे हाडा-दातांचं खनिज, बनवायला लागणाऱ्या कॅल्शियम नायट्रेटची बाटली उघडून पाहा. वरचे खडे ओलसर, तळाशी साखरेच्या पाकासारखा थर. जुलैत एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्यांची गाडी इथेच अडते, आणि शिव्या मात्र भट्टीला बसतात.

हिशेब साधा आहे. हायड्रॉक्सिॲपेटाइटमध्ये कॅल्शियम-फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण १.६७. त्यासाठी कॅल्शियम नायट्रेट टेट्राहायड्रेट २३.६ ग्रॅम, डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट ७.९ ग्रॅम. पण तोललेल्या नायट्रेटमध्ये ५ टक्के दमटपणाचं पाणी असेल, तर प्रमाण १.५८ च्या आसपास घसरतं. फसगत अशी, की वाळवलेली भुकटी एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याच्या चाचणीत) तरीही ॲपेटाइटसारखीच दिसते. चिमूटभर १००० अंश सेल्सियसला भाजून पुन्हा एक्सआरडी बघा. आलेखात ३१.८ अंश कोनाच्या शिखराशेजारी ३१.० ला दुसरं डोकं वर आलं, तर ते बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, कॅल्शियम कमी पडल्याची खूण. बाटली डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा आणि शंका आलीच तर द्रावणातलं कॅल्शियम ईडीटीए या रसायनाने टायट्रेट करून मोजून घ्या.

दुसरी चूक पीएचची. सुरुवातीला १०.५ बघितला, फॉस्फेटचे थेंब सुरू केले आणि मंडळी चहाला. साका पडत जातो तसा पीएच उतरतो, अमोनिया उडून जातो तो वेगळाच. शेवटपर्यंत १० च्या वर ठेवा. ४ आणि ७ पीएचच्या बफरवर (ठरावीक पीएचच्या द्रावणांवर) मीटर जुळवून १०.५ मोजणारेही भेटतात, त्यांना काय म्हणावं! नंतर साका रात्रभर मुरू द्या, नीट धुवा.

खऱ्या दातांवर काम करणाऱ्यांच्या चुका वेगळ्या. काढलेला दात डबीत कोरडा ठेवला की त्याला तडे जातात आणि ते आम्लाच्या नावावर खपवले जातात. ०.१ टक्के थायमॉलच्या द्रावणात ठेवा. इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कवच, साधारण ५.५ पीएचखाली विरघळू लागतं; डेंटिन, म्हणजे त्याखालचा थर, त्याच्या आधीच, जास्त पीएचला. दोघांना एकच मोजपट्टी नको.

गेल्या वर्षी एका मुलीने दोन फोटो दाखवले. आधी इनॅमलवर पांढरा डाग, उपचारानंतर गायब. स्वारी खूश. मी तो दात टिपकागदाने टिपला, हवेचा झोत दिला. अर्ध्या मिनिटात डाग हजर. अशा डागात वरचा थर बराचसा शाबूत असतो, खनिज जातं ते आतून. आतली छिद्रं पाण्याने भरली की डाग लपतो, कारण इनॅमलचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.६२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १; फरक कमी, तसा प्रकाश कमी विखुरतो. तिचा पहिला फोटो कोरड्या दाताचा होता, दुसरा नुकत्याच द्रावणातून काढलेल्या.