बत्ती गेली की राउटर कोरा: माझा अनुभव

इंदूरला रामबागेतल्या आमच्या वाचनालयात एक जुना सिस्को राउटर आहे. या पावसाळ्यात बत्ती गेली, की दर वेळी तो सगळं विसरून कोरा उठायचा. वाचनालय सांभाळणारे काका म्हणाले, "अरे, आत बॅटरी असते का रे? बदलून टाकू." पण दोष विजेचा नव्हता.

राउटरला संगणक थेट जोडणारी कन्सोल केबल लावून 'शो व्हर्जन' ही आज्ञा दिली. राउटर किती वेळ चालू आहे, मागच्या वेळी कशामुळे बंद पडला, कोणत्या फाइलवरून उठला, सगळं तिथे दिसतं. मी मात्र शेवटची ओळ आधी वाचतो. तिथे कॉन्फिगरेशन रजिस्टर, म्हणजे राउटरने कसं उठायचं ते ठरवणारा आकडा, ०एक्स२१४२ होतं, हवं ०एक्स२१०२. २१४२ असलं, की राउटर जपून ठेवलेलं कॉन्फिगरेशन (सगळ्या सेटिंग) न वाचताच उठतो. पासवर्ड विसरला तर मुद्दाम तसं करतात. कोणीतरी केलं आणि परत फिरवायचं राहून गेलं.

इथे घाई अजिबात करू नका. कोऱ्या अवस्थेत 'राइट मेमरी', म्हणजे सेव्हची आज्ञा, दिलीत, तर जुनं कॉन्फिगरेशन पुसलं जाईल. मी आधी 'कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिग' देऊन जपलेलं कॉन्फिगरेशन चालू राउटरमध्ये आणलं, बंद राहिलेल्या पोर्टांवर ती सुरू करायला 'नो शटडाउन', मग 'कॉन्फिग-रजिस्टर ०एक्स२१०२', आणि त्यानंतरच सेव्ह. 'शो व्हर्जन'मध्ये पुढच्या रीलोडला २१०२ होणार असं दिसलं, तेव्हा 'रीलोड' देऊन राउटर पुन्हा सुरू केला.

राउटर सगळ्या सेटिंगसकट उठला. काकांनी स्वतः प्लग काढून पाहिला, दोनदा.