विभागीय बेसबॉलला गावची टीम नेताना

जिल्ह्याचा फायनल जिंकून पोट्टे गावात येतात, गुलाल उधळतो, ग्रामपंचायतीसमोर फोटो होतो. त्याच्या मागोमाग शाळेत पत्र येतं: विभागीय शालेय बेसबॉल स्पर्धा, अमुक तारखेला सकाळी हजर राहावे. हे पत्र ज्यांच्या टेबलावर पडतं त्यांच्यासाठी लिहिते आहे. बरेचदा ते खेळाचे शिक्षक नसतात. मी स्वतः गणित शिकवते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शाळेत शारीरिक शिक्षणाचं पद रिकामं आहे, म्हणून टीम माझ्या गळ्यात पडली. "मॅडमले फूट-इंच समजते," एवढीच पात्रता.

आधी समोर कोण आहे ते बघून घ्या. क्रीडा खात्याचे राज्यात 8 विभाग आहेत. आपल्या अमरावती विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम हे 5 जिल्हे आणि अमरावती, अकोला या महानगरपालिकांच्या वेगळ्या टीम. सगळे आले तर 7. सामने बाद पद्धतीचे, म्हणजे एकीला बाय (पहिली फेरी न खेळताच पुढे) आणि बाकीच्यांना विभाग जिंकायला 3 सामने जिंकणं भाग. नागपूर विभागातल्यांनी नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि आपल्याकडच्या महानगरपालिका धरून हाच हिशेब करावा. हरलात की त्याच दिवशी परतीची एसटी.

शहरातल्या टीमचा सराव बारमाही असतो. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. त्या गावात मैदानावर जाणं ही पोरांची रोजची सवय आहे. त्यांच्यासारखी बॅटिंग पंधरा दिवसांत येणार नाही, त्यामागे धावूही नका. हाताशी असलेल्या दिवसांत दोनच गोष्टी सुधारतात. पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, फुकटचा बेस द्यायचा नाही, आणि जमिनीवरून आलेला बॉल पहिल्या बेसवर धड पोचवायचा. गावच्या टीम बहुतेक इथेच हरतात. बॅटिंग कोसळायच्या आधीच समोरच्यांच्या पाच-सहा रन वॉकने (चार बॉल मापाबाहेर पडले की बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) आणि भलत्याच थ्रोने झालेल्या असतात.

फाईल

हे काम पहिल्या दिवशी उरका. ऑनलाइन नोंदणीची प्रिंट, प्रत्येकाचं ओळखपत्र, जन्मतारखेचा दाखला, आधारची प्रत, दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. ओळखपत्रावर शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर यायला हवा. वयोगट 14, 17 आणि 19 वर्षांखालचे. कोणत्या तारखेला वय मोजायचं ते परिपत्रकात असतं. ते परिपत्रक मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये न ठेवता स्वतःच्या बॅगेत ठेवा.

खरी गडबड नावात असते. आधारवर एक, रजिस्टरमध्ये दुसरं, मार्कशीटवर तिसरं. जन्मतारीख 1 जून दिसली की ती दोनदा तपासा. शाळेत नाव घालताना अंदाजे लिहिलेली तारीख पुढे आयुष्यभर माणसाच्या मागे लागते. फरक सापडला तर सेतू केंद्राच्या चकरा आत्ताच मारा. मैदानावर समोरच्या टीमने हरकत घेतली की तुमचा पिचर बाहेर बसतो, आणि "साहेब, पोरगा आमचाच आहे" या वाक्याला तिथे काही किंमत नसते. मूळ कागद सोबत न्या, झेरॉक्सवर विसंबू नका.

मैदान आखणं

यावर मी थोडी रेंगाळणार, कारण इथे माझा विषय येतो. आपल्याकडे बरीच पोरं पावलांनी मोजलेल्या मैदानावर सराव करतात. बेस दहा फूट जवळ असला की सगळे थ्रो पोचतात आणि सगळे रनर आऊट होतात. विभागीयला पूर्ण मापाचं मैदान समोर आलं की तेच थ्रो टप्पे खात येतात आणि तेच रनर सेफ होतात.

लागतं काय, तर एक लांब टेप, नायलॉनची दोरी, चार खुंट्या आणि पोतंभर फक्की. डायमंड म्हणजे 90 फूट बाजूचा चौरस. काटकोन साधायला यंत्र नको, कर्ण पुरे: 90 गुणिले 2 चं वर्गमूळ, म्हणजे 127 फूट आणि साडेतीन इंचाला किंचित कमी. होम प्लेटच्या (बॅटरच्या शेजारची पाटी) मागच्या टोकाशी खुंटी ठोका. मैदानाच्या मधल्या दिशेने दोरी ताणून 127 फूट 3 इंच आणि तीन अष्टमांश इंचावर दुसरी खुंटी, तो दुसरा बेस. मग दोन पोरं दोन टेप घेऊन उभी करा, एक होमपासून 90 फुटांवर, दुसरा दुसऱ्या बेसपासून 90 फुटांवर. उजवीकडे चालत चालत दोन्ही टेप जिथे ताणून भेटतात तो पहिला बेस. तसंच डावीकडे तिसरा. नववीच्या पोरांना पायथागोरस फळ्यावर समजत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा मैदानावर करून घ्यावं.

पिचर ज्या फळीवर पाय ठेवून बॉल टाकतो तिची जागा बरेच जण चुकवतात. दोन कर्ण जिथे छेदतात तिथे ती ठोकतात, दिसायलाही ते बरोबर दिसतं. पण चौरसाचा मध्य होमपासून 63.64 फुटांवर येतो आणि फळी असते 60 फूट 6 इंचांवर. फरक 3.14 फूट. गणिताच्या माणसाला हसू यावं असा आकडा आहे, पण पिचरला तो महागात पडतो. मागून टाकायची सवय झालेला पोरगा खऱ्या फळीवरून बॉल उंच टाकत सुटतो. नियमाप्रमाणे फळी होम प्लेटपेक्षा 10 इंच उंच मातीच्या उंचवट्यावर असते. आपल्याकडे उंचवटा प्रत्येक मैदानावर असेलच असं नाही, तरी एका कोपऱ्यात माती टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोकून एक तयार ठेवा. उतारावर पाय टाकण्याची सवय नसेल तर पहिले दोन डाव त्यातच जातात.

आणखी एक गोष्ट जमिनीची. आपली शाळेची मैदानं काळ्या मातीची. पावसाळा सरला की भेगा पडतात, बॉल भेगेत अडकून मरतो किंवा भलतीकडे उडतो. विभागीयचं मैदान मुरमाचं मिळालं तर बॉल सरळ आणि सणसणत येतो. म्हणून आठवड्यातले काही दिवस मुरमावर काढा. आमच्याकडे आठवडी बाजाराची जागा मुरमाची आहे. बाजाराचा दिवस सोडला तर मोकळीच असते. मात्र आधी काचा आणि खिळे वेचून घ्या.

सराव

पिचरसाठी कडुनिंबाच्या फांदीला बारदाना टांगा. त्यावर कोळशाने चौकट काढा. रुंदी 17 इंच, म्हणजे होम प्लेटएवढी. खालची रेघ गुडघ्याच्या वाटीखाली, वरची खांदे आणि कमरेच्या मधोमध. एवढ्या चौकटीत दहापैकी सहा बॉल बसले की पुरे, वेग कितीही असो. जोरात टाकणारा पोरगा गावाला आवडतो, पण मी निवडताना चौकट मोजते.

एका पिचरवर स्पर्धा काढायला जाऊ नका. अमेरिकेत या खेळातल्या पोरांसाठी पाळतात त्या नियमात 15-16 वर्षांच्या मुलाला दिवसाला 95 पिचच्या वर टाकू देत नाहीत, आणि 75 च्या वर गेला तर 4 दिवस सुटी देतात. आपल्याकडे दोन दिवसांत तीन सामने होऊ शकतात. तेव्हा तीन पोरं तयार हवीत, आणि एक जण वहीत पिच मोजत बसलेला हवा. कोपर दुखतं म्हणून कोणी सांगत नाही, बाहेर बसवतील या भीतीने. हात झटकताना दिसला की विचारा.

थ्रोचा सराव रोज घ्या. तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसवर म्हणजे पुन्हा तोच कर्ण, 127 फूट. आमच्या तिसऱ्या बेसवरच्या पोराचा बॉल कधी पहिल्याच्या डोक्यावरून तर कधी पायाशी. म्हणाला, "मॅडम, माया हात नाई पुरत." नाही पुरत तर एक टप्पा टाक, असं ठरवलं. पहिल्या बेसच्या आठ-दहा फूट आधी टप्पा पडला की बॉल बरोबर कमरेच्या उंचीला येतो, आणि हवेतून आकाशाला गेलेल्या थ्रोपेक्षा लवकर पोचतो. पहिल्या बेसवर उंच आणि शक्यतो डावरा पोरगा ठेवा. डावऱ्याचा ग्लोव्ह उजव्या हातात येतो, म्हणजे तो मैदानाच्या बाजूला राहतो. पण त्याला त्याचा ग्लोव्ह मिळवून द्या. उजव्यांचा ग्लोव्ह उलटा घालून डावरी पोरं खेळताना मी पाहिली आहेत.

आपली सगळी पोरं क्रिकेटमधून येतात. त्या सवयी मोडायला वेळ द्या, कारण दडपण आलं की हात जुन्या सवयीवरच जातात. क्रिकेटमध्ये फटका मारून उभं राहता येतं, इथे आतल्या हद्दीत पडलेल्या बॉलवर पळायलाच लागतं, तेही बॅट टाकून. पहिल्या बेसवर ब्रेक मारू नका, तुडवून सरळ पुढे निघा. दुसऱ्या-तिसऱ्यावर मात्र थांबावंच लागतं. आणि बॉल हवेत उंच गेला की रनरने बेस धरून राहायचं, कारण कॅच झाल्यावर परत येऊन बेसला पाय लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्याकडे बाहेर बसलेली पोरंच यासाठी ओरडतात, "थांब बे, थांब बे!" शिस्तीच्या दृष्टीने शोभत नाही, पण उपयोग होतो.

कॅचरला, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल धरणाऱ्याला, एक नियम घोकून द्या. तिसरा स्ट्राइक (चौकटीतून गेलेला किंवा बॅटरने मारताना हुकलेला बॉल, तीन झाले की एरवी बॅटर आऊट) त्याच्या हातून सुटला आणि पहिला बेस रिकामा असेल, किंवा दोन आऊट झालेले असतील, तर बॅटर पळू शकतो. बऱ्याच टीमना हे माहीत नसतं. बॅटर मान खाली घालून निघून जातो. तुमच्या पोरांनी अशा वेळी पहिल्या बेसकडे पळ काढावा.

घरची परवानगी

स्पर्धा साधारण त्याच दिवसांत येतात जेव्हा सोयाबीन सोंगणीला आलेलं असतं आणि मागून कापूस फुटतो. पंधरा वर्षांचा पोरगा म्हणजे घरातला एक मजूर. शाळेच्या ग्रुपवर मेसेज टाकून हे सुटत नाही. संध्याकाळी घरी जा, चहा घ्या. एका काकांनी मला सरळ विचारलं, "मॅडम, सोंगाले मजूर भेटून नाई रायले, अन् हा बॉल खेळाले जाईन काहून?" त्यांना मी दहावीच्या खेळाच्या सवलतीच्या गुणांचं सांगितलं आणि सराव पहाटे सहाला घेतला, म्हणजे साडेसातला पोरगा वावरात हजर. तडजोड दोन्हीकडून लागते. काकू मात्र आधीपासून आमच्या बाजूने होत्या.

तिथे गेल्यावर

आदल्या संध्याकाळी पोचा. पहाटेची एसटी पकडून थेट मैदानावर जायचा बेत पंक्चरवर अवलंबून असतो. सोबत सतरंज्या, पाण्याचा कॅम्पर, ओआरएस, अँटिसेप्टिक आणि सगळ्यांना लांब पँट. मुरमावर हाफ पँटने घसरलेला पोरगा दुसऱ्या सामन्यात बसायलासुद्धा नाही म्हणतो.

खाण्याचं आधी ठरवा. घरच्या पोळ्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-फुटाणे, केळी. सामन्याच्या सकाळी तर्री-पोहे नको, कितीही मागे लागले तरी. ऑक्टोबरच्या उन्हात ती तर्री तिसऱ्या डावात आठवण करून देते. सामने संपले की हवी तेवढी सांबारवडी खाऊ द्या.

मॅनेजरांच्या बैठकीत गप्प बसू नका. पूर्ण बेसबॉल 9 डावांचा असतो, पण एका दिवसात अनेक सामने उरकायचे असले की डाव कमी होतात किंवा वेळेची मर्यादा येते. किती डाव, किती रनच्या फरकाला सामना थांबतो, बरोबरी झाली तर काय, पाऊस आला तर काय, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा. बॅटिंगचा क्रम लिहून दिला की तो पाळावाच लागतो, म्हणून यादी लिहिणारा आणि तपासणारा वेगळा ठेवा. पंचाशी कॅप्टननेच बोलायचं, तेही "सर" म्हणून. बाकीच्यांनी तोंड उघडलं तर मी पुढच्या डावात बसवते, मग तो पिचर असला तरी.

समोरची टीम वॉर्म-अप करताना त्यांचा कॅचर बघा. त्याचा दुसऱ्या बेसचा थ्रो कमी पडत असेल तर तुमच्या चपळ पोरांना बेस चोरायला, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसकडे पळायला, मोकळीक द्या. हात दणकट असेल तर पहिल्या डावात कोणी धाडस करू नये.

निघताना प्रमाणपत्रं मोजून घ्या आणि तिथेच टेबलाजवळ उभं राहून प्रत्येक नाव, वयोगट, शाळेचं नाव आणि क्रमांक वाचा. चूक असेल तर तिथला माणूस दोन मिनिटांत दुसरं लिहून देतो. घरी आल्यावर त्याच दुरुस्तीसाठी अर्ज, मुख्याध्यापकांचं पत्र आणि जिल्ह्याच्या गावाला चकरा लागतात, आणि सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेने मुदतीत पाठवायचा असतो. एक झेरॉक्स संच पोरांकडे, एक शाळेत, मूळ प्रत घरच्यांच्या हातात. जिंकलात तर फाईल पुन्हा उघडा, राज्याची ऑनलाइन नोंदणी वेगळी करावी लागते.