योगवर्गाला नव्याने जाताय? ताण आणि कळ यांत गल्लत करू नका

21 जूनचा योग दिन होऊन गेला की आमच्या सकाळी सहाच्या वर्गात नवे चेहरे दिसू लागतात. महिन्याभरात त्यांतले बरेच गळतात. विचारलं तर आळस झाला असं सांगणारे थोडे. "गुडघा धरला", "मान आखडली", "माझं अंगच वळत नाही हो" हीच उत्तरं जास्त. मला प्रत्येक वेळी हळहळ वाटते, कारण चुका त्याच त्याच असतात आणि पहिल्या आठवड्यातच सुधारता येतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दुखण्याची जात न ओळखणं. आपल्या भाषेत दुखण्याला कितीतरी शब्द आहेत, ते इथे उपयोगी पडतात. मांडीच्या मागे ओढ बसणं, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येणं, जिना उतरताना मांड्या दुखणं हे नव्याने हललेल्या स्नायूंचं दुखणं. दोन-चार दिवसांत उतरतं, त्याला घाबरून घरी बसू नका. पण चमक निघाली, सांध्यात कळ आली, पाठीतून पायात सणक गेली, तर आसन तिथल्या तिथे सोडायचं, शिक्षकांचे आकडे मोजून व्हायचे असले तरी. वज्रासनात पायाला मुंग्या आल्या तर पाय मोकळे करा, "सवय होईल" म्हणून दामटून बसू नका.

हे मी स्वतःच्या अंगावर शिकले. सुरुवातीच्या एका शिबिरात शिक्षकांनी पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून पुढे वाकण्याच्या आसनात, माझ्या पाठीवर वरून दाब देऊन मला वाकवलं. बसायच्या हाडापाशी कळ आली आणि मी संकोचाने गप्प राहिले. ते दुखणं वर्षभर पुरलं. खाली बसताना, गाडी चालवताना रोज आठवण. म्हणून सांगते, शिक्षक कितीही मोठे असोत, "सर, इथे दुखतंय, दाबू नका" असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चांगला शिक्षक लगेच हात काढतो.

याच आसनात आणखी एक चूक हमखास होते. पायाची बोटं धरायचीच, या हट्टाने पाठीचा कुबड काढून लोक ओढत राहतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात, ते कंबरेचं हाड मागे खेचतात, आणि मग सगळं वाकणं कंबरेच्या मणक्यांवर येतं. घोंगडीची जाड घडी बुडाखाली घ्या, गुडघे थोडे वाकवा आणि पोट मांडीकडे न्या. बोटं गेली नाहीत तर नाहीत. घोंगडी, पट्टा किंवा वीट घ्यायला लाजणारे लोक मला भेटतात. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी याच साधनांच्या आधाराने आजारी, वयस्क, ताठरलेल्या माणसांकडून आसनं करून घेतली, आणि ती पद्धत पुढे जगभर गेली. आधार घेणं हा अभ्यासाचाच भाग आहे.

पद्मासनाचंही तसंच. पाय वळायचा असतो खुब्यातून. खुबा वळत नसताना पाऊल उचलून मांडीवर चढवलं की तो पीळ गुडघ्याला बसतो. गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचलं की साधी मांडी घाला. प्राणायामाला तेवढी पुरते.

श्वास रोखणं ही चूक बाहेरून दिसत नाही, म्हणून शिक्षकांच्याही नजरेतून सुटते. तोल सावरताना, जोर लावताना नवखा माणूस नकळत दम धरतो. पतंजलींनी आसनाची खूण एका सूत्रात सांगितली आहे, 'स्थिरसुखमासनम्'. श्वास अडला की सुख संपलं, थोडं मागे या. कपालभातीत तर उलटंच होतं: श्वास जोरात आत ओढला जातो, खांदे उडतात. झटका फक्त बाहेर टाकताना द्यायचा, पोट आत जातं. आत येणारा श्वास आपोआप येऊ द्यायचा. पहिल्या दिवशी वीस आवर्तनं खूप झाली. चक्कर आली तर थांबा, डोळे उघडा, साधा श्वास घ्या.

नावनोंदणीच्या कागदावर आजारांपुढे 'काही नाही' लिहू नका. ही मात्र कळकळीची विनंती आहे. रक्तदाब आटोक्यात नसेल तर डोकं खाली जाणारी आसनं, कपालभाती आणि कुंभक (श्वास रोखून धरणं) टाळावे लागतात. काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन, सर्वांगासन करायचं नाही, त्याने डोळ्यातला दाब वाढतो. हर्निया, सरकलेली मणक्याची गादी, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण हे सगळं शिक्षकांना आधी सांगा, डॉक्टरांनाही विचारा. चारचौघांत नको वाटलं तर वर्गाआधी पाच मिनिटं लवकर या.

पोटाचं थोडक्यात: जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. सकाळी पोहे खाऊन येऊ नका, पाणी किंवा थोडा चहा चालतो. मॅट फार जाड आणि मऊ घेतलीत तर वृक्षासनात, म्हणजे एका पायावर उभं राहताना, पाऊल डगमगतं.

रथसप्तमीला 108 सूर्यनमस्कारांचा उपक्रम ठिकठिकाणी होतो. उत्साह मला आवडतो, पण महिनाभरापूर्वी सुरुवात केलेल्याने त्यात उतरू नये. थकल्यावर कंबर लोंबते, मनगटं आणि खांदे भार घेतात. सुरुवातीला तीन-चार नमस्कार घाला, तळवा पूर्ण टेकवून, तर्जनीच्या मुळाशी दाब देऊन. मनगटाची तक्रार बऱ्याच जणांची तेवढ्यानेच कमी होते.

आणि शवासनाला मॅट गुंडाळून निघू नका. ऑफिसची बस गाठायची असेल तर एक आसन कमी करा, ही पाच मिनिटं ठेवा. डोळा लागला तर लागू द्या. उठताना एकदम ताडकन बसू नका, उजव्या कुशीवर वळा, दोन श्वास थांबा, मग हाताचा आधार घेऊन बसा.