आधी ब्रीदर, मग गिअर: उंच केलेल्या फोर-बाय-फोरच्या ड्राइव्हट्रेनची कमी खर्चातली तयारी

गाडी उचलून झाली, टायर मोठे बसले, आणि आता ती चढावर दम टाकते म्हणून एक्सलमधले गिअर (मोठं चक्र क्राऊन, त्याला फिरवणारं लहान पिनियन) बदलायचे आहेत. ठीक आहे. पण सामान मागवण्याआधी हे वाचून घ्या. जॅक, स्टँड, पाने, चाकांमागे ठोकळे वगैरे धरूनच चाला. तेही सांगावं लागत असेल तर हे काम दुसऱ्याकडून करून घेतलेलं बरं.

पहिलं काम ब्रीदरचं. क्राऊन-पिनियन नाही, लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं यंत्र) नाही, ब्रीदर, म्हणजे एक्सलची हवा आत-बाहेर जायची वाट. एक्सलच्या हाउसिंगवर एक छोटं निप्पल असतं आणि त्यातून एक रबरी नळी वर चॅसीकडे जाते. लिफ्टनंतर एक्सल चॅसीपासून लांब जातो, नळी मात्र तेवढीच राहते. ती ताणली जाते आणि चाक खड्ड्यात लोंबकळलं की निप्पलवरून निसटते. बाहेरून काही कळत नाही. डिफरन्शियल (हाउसिंगमधला, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) चालून तापतं, आतली हवा फुगून बाहेर जाते. मग तुम्ही ओढ्यात उतरता. गार पाण्याने हाउसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि उघड्या निप्पलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ होतं, बेरिंग गंजतात, आणि पुढच्या काही दिवसांत घरघर सुरू होते. मागच्या वेळी माझं हेच राहिलं आणि नवं कोरं क्राऊन-पिनियन बेरिंगसकट गेलं.

नळी चिखलाने बुजली असेल तर त्रास उलटा. तापलेल्या हवेला वाट मिळत नाही, आत दाब वाढतो आणि तेल ऑइल सीलमधून बाहेर येतं. मागच्या चाकाच्या सीलमधून आलं तर थेट ब्रेक लायनिंगवर. लोक सील बदलत बसतात आणि ब्रीदरकडे बघतही नाहीत.

तर नळी तेल सोसणाऱ्या रबराची घ्या, पेट्रोल-डिझेलच्या लाइनला वापरतात तशी. साधी पाण्याची नळी तेलाने फुगून मऊ पडते. नळी बॉनेटखाली किंवा बॉडीत जितकी उंच नेता येईल तितकी न्या, वाटेत खोलगट झोळ ठेवू नका, आणि वरच्या टोकाला धूळ अडवायला छोटा फ्युएल फिल्टर लावा. लांबी मोजायची ती गाडी चॅसीवर उचलून, एक्सल पूर्ण लोंबकळत असताना. गाडी चाकांवर उभी असताना मोजलेली लांबी कामाची नाही. आणि ब्रीदर एकच नसतो: पुढचा एक्सल, मागचा एक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी). चारही तपासा. या सगळ्या नळ्यांचा खर्च एका बेरिंगपेक्षाही कमी येतो.

गाडी लोंबकळत ठेवलीच आहे तर ब्रेकच्या होजची लांबीही बघा. बंप स्टॉपही (एक्सल वर आदळू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा).

आता गिअरचं गणित. नवा टायर भागिले जुना टायर, गुणिले जुना रेशो (क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात). २९ इंचावरून ३३ वर गेलात आणि मूळ रेशो ३.७३ असेल तर साधारण ४.२४ येतात. तसा रेशो सहसा मिळत नाही, म्हणून ४.१० किंवा ४.५६ मधून निवडायचं. वजनदार टायर आणि चढाचे रस्ते असतील तर ४.५६, बहुतेक वेळ सपाट हमरस्त्यावर जात असेल तर ४.१०. त्याहून पुढे जाण्याचा मोह आवरा. क्राऊनला ४१ दात असतील तर ३.७३ ला पिनियनचे ११ दात आणि ४.५६ ला ९. रेशो वाढला की पिनियनचं डोकं लहान होतं, आणि लहान पिनियन आधी तुटतं.

इथेच पैशाचा एक सापळा आहे. काही डिफरन्शियलमध्ये ठराविक रेशोनंतर कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतं ते कवच) बदलतो. डॅना ४४ या एक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरिअर आणि ३.९२ पासून पुढे दुसरा. म्हणजे ३.७३ वरून ४.५६ वर जाताना नुसतं क्राऊन-पिनियन आणून भागत नाही; एक तर कॅरिअर घ्या, नाहीतर जुन्या कॅरिअरवर बसणारं जाड क्राऊन घ्या. आपल्या डिफरन्शियलचं हे गणित ऑर्डर देण्याआधी बघा. हाउसिंग उघडल्यावर कळलं तर गाडी तशीच पडून राहते.

खर्च वाचवायचा खरा मार्ग म्हणजे त्याच घराण्यातल्या दुसऱ्या मॉडेलचे जुने एक्सल, हव्या त्या रेशोचे, पूर्ण. पण विकणाऱ्याच्या तोंडी रेशोवर विश्वास ठेवू नका. ओपन डिफरन्शियल असेल तर एक बाजू अडकवून धरा, दुसरी बाजू बरोबर दोन फेरे फिरवा आणि पिनियनचे फेरे मोजा. साडेचारपेक्षा किंचित जास्त म्हणजे ४.५६. झाकण उघडून क्राऊनच्या कडेवर कोरलेली दातांची संख्या बघितली तर आणखी उत्तम. पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा, यात तडजोड नाही. पुढे ४.१० आणि मागे ४.५६ ठेवून फोर-व्हील लावलीत तर दोन्ही एक्सल एकमेकांशी झुंजतात आणि ट्रान्स्फर केस त्याची किंमत मोजते. आणि जुन्या एक्सलचा ब्रीदरसुद्धा बघा. हो, पुन्हा तेच. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या हाउसिंगचं निप्पल मातीने बुजलेलं असतं. काढा, फुंकून बघा.

मग प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे ट्रान्स्फर केसकडून एक्सलला ताकद नेणारा दांडा. लिफ्टनंतर त्याचा कोन वाढतो. दोन्ही टोकांना एकेक क्रॉस (वाकून फिरणारा चारटोकी सांधा) असलेल्या साध्या शाफ्टला ट्रान्स्फर केसचं टोक आणि पिनियन समांतर हवेत. एका अंशाच्या आसपासचा फरक चालतो, त्याहून जास्त झाला तर थरथर येते. ट्रान्स्फर केसकडे जोडक्रॉस (दोन क्रॉस एकत्र) असेल तर पिनियनचं तोंड सरळ शाफ्टच्या रेषेत हवं. फोनमधलं कोन मोजायचं अ‍ॅप या कामाला पुरतं. पाट्यांची गाडी असेल तर पाटे आणि एक्सलमध्ये पाचर घालून पिनियन वर फिरवता येतं. पाचर पोलादाची घ्या, अ‍ॅल्युमिनियमची पिचते. पिनियन फार वर फिरवलं तर पुढच्या बेरिंगला तेल कमी पोचतं, तेही ध्यानात असू द्या. ट्रान्स्फर केसखाली स्पेसर घालून ती जरा खाली आणणं हा सर्वांत स्वस्त उपाय, पण तेवढंच जमिनीपासूनचं अंतर जातं. ज्यासाठी गाडी उचलली तेच परत द्यायचं, हे मला पटत नाही. तात्पुरतं म्हणून ठीक. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांना खुणा करा. स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा भाग) किती आत उरतो तेही एक्सल लोंबकळता ठेवूनच बघा. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर चाकांच्या दांड्यांवरच्या सीव्ही जॉइंटचा कोन बघा, त्यांचे रबरी बूट फाटायला लागले तर डिफरन्शियल खाली घ्यायचं किट लागेल.

लॉकर लगेच नको. घ्यायचाच असेल तर जुन्या कॅरिअरमध्ये बसणारा, साइड गिअरच्या जागी घालायचा ऑटोमॅटिक लॉकर घ्या. हवेवर चालणाऱ्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. वळणावर टकटक करतो, सवय होते.

क्राऊन-पिनियनच्या सेटिंगचं काम स्वतः करणार असाल तर डायल गेज, इंच-पाउंडांचा टॉर्क पाना आणि दातांवर लावायचा रंग हवाच. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) बऱ्याच ठिकाणी ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, पण आपल्या मॅन्युअलचा आकडा तोच खरा. क्रश स्लीव्ह (पिनियनच्या बेरिंगमधली, आवळताना चेपणारी नळी) एकदाच वापरायची. बेरिंग आणि सील नवेच, तिथे कंजुषी नको. हे सगळं नसेल तर एक्सल स्वतः उतरवून जाणकाराकडे घेऊन जा. काढण्या-घालण्याची मजुरी तरी वाचते.

तेल: डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल. मॅन्युअल गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-४ च, कारण त्यात पितळी सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असतात, त्यांना जीएल-५ मानवत नाही. लिमिटेड स्लिप (एका चाकाचं घसरून फिरणं आवरणारं) डिफरन्शियल असेल तर त्याचं अ‍ॅडिटिव्ह.

एक्सल चढवताना ब्रीदरची नळी आधी लावा, मग बाकीचं. नंतर हात पोचत नाही आणि "उद्या लावू" म्हणून ती राहते. क्लिप लावा. ओढून बघा.

पहिली फेरी २५-३० किलोमीटर, हळू, मग पूर्ण गार होऊ द्या. आठशे किलोमीटरपर्यंत ओढकाम नाही, त्यानंतर तेल बदला. बोल्ट पुन्हा आवळा. स्पीडोमीटरचा सेन्सर ट्रान्स्फर केसवर असेल तर वरच्या उदाहरणात ४.५६ बसवल्यावर काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी ९३ च्या आसपास असेल. सेन्सर चाकांवर असेल तर हिशेब फक्त टायरचा आणि चूक उलट्या दिशेची. जीपीएसवर ताडून घ्या.