बिट-फील्डने खाल्लेले अकरा दिवस

फर्मवेअरच्या (उपकरणाच्या चिपवर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पहिल्या नोकरीत माझ्या वाट्याला आलेला पहिला बग असा: बोर्ड दोन-तीन दिवस नीट चालायचं आणि मग सिरियल पोर्टवर आलेला डेटा वाचणंच सोडून द्यायचं. रीसेट केलं की पुन्हा शहाण्यासारखं चालू. डीबगर लावला की बग गायब. मी आधी केबलवर संशय घेतला, मग पॉवर सप्लायवर, शेवटी कंपायलरवर. यात अकरा दिवस गेले.

सगळे फ्लॅग (हो-नाही सांगणाऱ्या खुणा) एका स्ट्रक्चरमध्ये होते: 'डेटा आला', 'पाठवणं चालू', 'एरर', प्रत्येकी एक बिट. रॅम वाचवायला कुणीतरी बिट-फील्ड (एका बाइटमध्ये अनेक छोटे फील्ड कोंबायची सीमधली सोय) वापरले होते. पहिला बिट इंटरप्ट (हार्डवेअरची हाक आली की मधेच धावणारा कोड) लावायचा, दुसरा मेन लूप (सतत फिरणारा मुख्य कोड) पुसायचा. बिट वेगळे, मग भांडण कसलं?

"अरे, सी कोड किती वेळा वाचशील? लिस्टिंग काढ," सीनियर म्हणाले. लिस्टिंग म्हणजे कंपायलरने सी कोडमधून बनवलेल्या मशीन इन्स्ट्रक्शनची यादी. काढलं. सीमधल्या एका ओळीखाली तीन इन्स्ट्रक्शन होत्या: अख्खा बाइट रजिस्टरमध्ये घे, त्यातला बिट बदल, अख्खा बाइट परत लिही. मेन लूपने बाइट उचलला. तेवढ्यात इंटरप्ट आला, 'डेटा आला' लावून निघून गेला. मेन लूपने मात्र हातातली शिळी प्रत तशीच परत लिहिली. फ्लॅग गेला. आता मेन लूप फ्लॅगची वाट बघतोय आणि पलीकडचं मशीन आमच्या उत्तराची.

'ही किंमत दर वेळी मेमरीतूनच घे' असं कंपायलरला सांगणारं व्होलाटाइल लावून पाहिलं होतंच (सगळेच आधी ते लावतात). त्याने वाचणं-लिहिणं टळत नाही एवढंच. तीन पायऱ्या तीनच राहतात.

सी११ (सी भाषेच्या २०११ च्या) स्टँडर्डमध्ये हे स्पष्ट लिहिलंय: लागून असलेले बिट-फील्ड मिळून एकच मेमरी लोकेशन. दोन थ्रेडनी (एकाच वेळी चालणाऱ्या कोडच्या दोन धाग्यांनी) त्यातल्या वेगवेगळ्या फील्डमध्ये लिहिलं तरी ती डेटा रेस, म्हणजे एकाच जागेवरची धक्काबुक्की. मध्ये शून्य रुंदीचा बिननावाचा बिट-फील्ड टाकला तर दोन लोकेशन होतात. म्हणून एका फील्डला एक लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) आणि शेजारच्याला दुसरा, हा प्रकार फुकट; अख्ख्या गटाला एकच लॉक लागतो.

ही फक्त नवशिक्यांची फजिती नव्हे. २०१२ मध्ये लिनक्स कर्नलच्या बीटीआरएफएस फाइल सिस्टीममध्ये एका स्ट्रक्चरात स्पिनलॉकशेजारी (हाही एक लॉकच) एका बिटाचा फील्ड होता. आयए-६४ (इंटेलच्या इटेनियम) प्रोसेसरवर जीसीसी कंपायलर तो बिट बदलायला आठ बाइट वाचून आठच्या आठ परत लिहायचा, आणि त्यात शेजारच्या लॉकची जुनी किंमतही परत बसायची. लॉक हा बिट-फील्डच नाही, त्यामुळे सी११ च्या नियमाने इथे चूक कंपायलरची. पण रात्र जागवली ती कर्नलवाल्यांनी.

आम्ही प्रत्येक फ्लॅगला स्वतंत्र बाइट दिला. आमच्या कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसरवर एक बाइट लिहिणं एका दमात होतं. तरी क्रम सांभाळावा लागतो: 'डेटा आला' आधी पुसायचा, मग बफर वाचायचा. उलटं केलंत तर मधल्या मध्ये आलेला डेटा हरवतो. बिट एकत्रच ठेवायचे असतील तर साधा पूर्णांक घ्या आणि ॲटॉमिक (मध्येच न तुटणारी) ऑर-अँड फंक्शन्स वापरा. बिट-फील्डचा पत्ता घेता येत नाही, त्यामुळे ती फंक्शन्स त्यावर चालतच नाहीत. कॉर्टेक्स-एम० वर यासाठी लागणाऱ्या एक्सक्लुझिव्ह लोड-स्टोअर (मध्ये कुणी ढवळलं का ते ओळखणाऱ्या) इन्स्ट्रक्शन नाहीत. तिथे क्षणभर इंटरप्ट बंद करणं हाच सरळ मार्ग.

हार्डवेअर रजिस्टरवर तर बिट-फील्ड मुळीच नकोत. काही स्टेटस रजिस्टरमध्ये १ लिहिला की बिट पुसला जातो. एक बिट पुसायला गेलात की वाचून परत लिहिताना बाकीचे लागलेले बिटही पुसले जातात. इथे तर दुसरा थ्रेडही लागत नाही.

बदल चेक-इन करताना मॅप फाइल (मेमरीत कुठे काय बसलंय याची यादी) उघडली. तीन फ्लॅगना आता तीन बाइट लागत होते, आणि सहा किलोबाइट रॅम पहिल्यापासून रिकामीच पडून होती.