स्विचचा पंखा बोंबलतोय? या चुका टाळा

सेकंडहँड मॅनेज्ड नेटवर्क स्विच (कॉम्प्युटर, कॅमेरे नेटवर्क केबलने एकमेकांना जोडणारा, सेटिंग करता येणारा डबा) घरी आणला, प्लग लावला आणि हेअर ड्रायर चालू झाल्यासारखा आवाज आला, हा अनुभव खूप जणांचा आहे. पहिलं मिनिटभर दम धरा, बरेच स्विच बूट होताना पंखे फुल स्पीडला फिरवतात आणि मग शांत होतात. त्यानंतरही बोंब चालूच असेल तर मात्र आपण थेट पंख्याच्याच मागे लागतो आणि तिथेच गडबड होते, कारण हवा कुठून येते आणि कुठे जाते हे बघायचं राहूनच जातं.

आवाजाचं कारण तसं साधं आहे. वन-यू म्हणजे रॅकच्या (अशी यंत्रं एकावर एक बसवायच्या सांगाड्याच्या) एका खणात बसणाऱ्या डब्याची उंची साडेचव्वेचाळीस मिलिमीटरच्या आत, त्यात ४० मिलिमीटरचाच पंखा बसतो, आणि एवढ्याशा पात्यांनी हवा ढकलायची तर दहा-पंधरा हजार आरपीएमने फिरावं लागतं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे ओरिजिनल पंखा काढून पीसीवाला सायलेंट पंखा लावणे. मीही केलंय. रात्री एकदम शांतता, समोर एक केशरी लाइट लुकलुकतोय, म्हटलं लुकलुकू दे. दुसऱ्या दिवशी दुपारी टेन-जी (दहा गिगाबिट स्पीडची) लिंक दर दहा मिनिटांनी पडायला लागली, मी केबल बदलली, पोर्ट बदलला, फर्मवेअरला शिव्या घातल्या, आणि शेवटी कॉपरच्या एसएफपी प्लस मॉड्यूलला (स्विचच्या खाचेत बसणारा, नेटवर्क केबल जोडायचा छोटा तुकडा) बोट लावलं तर चटकन मागे घ्यावं लागलं. तो केशरी लाइट फॅन फेलचाच होता, कारण स्विच पंख्याचे फेरे मोजत असतो आणि पाच हजार आरपीएमवाला पंखा त्याच्या लेखी मेलेलाच. काही मॉडेल तर अशा वेळी उरलेले पंखे फुल सोडतात, म्हणजे पैसेही गेले आणि आवाजही वाढला! शिवाय कनेक्टर सेम दिसला तरी वायरचा क्रम वेगळा असू शकतो, मल्टिमीटर लावल्याशिवाय घुसवू नका.

माझा प्रॉब्लेम सुटला तो भलतीकडेच. टेन-जीचं कॉपर मॉड्यूल एकटंच दोन-तीन वॅट खातं आणि ते सगळं एवढ्याशा खाचेत तापतं, त्याच्या जागी डॅक केबल (दोन्ही टोकांना प्लग पक्के बसवलेली तांब्याची केबल) टाकली, जुने पंखे परत बसवले, तर ते आपोआपच हळू फिरायला लागले.

रेझिस्टर घालून पंख्याला १२ ऐवजी ५ व्होल्ट द्यायची आयडियाही सोडा. फिरता पंखा कमी व्होल्टवर फिरत राहतो पण थांबलेला सुरू होईलच असं नाही, मग लाइट जाऊन आली की पंखा गप्प आणि आपण निवांत झोपलेलो.

कपाटात बंद करणे, आतून फोम चिकटवणे... अहो, आवाज अडतो तिथे हवाही अडते. स्विच ४० वॅट खात असेल तर त्याची जवळपास सगळी उष्णताच होते आणि तीच गरम हवा तो परत ओढत बसतो. कपाटातच ठेवायचा तर खाली हवा आत यायला आणि वर बाहेर जायला जागा हवीच. पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याची सोय) कॅमेरे असतील तर त्यांचे समजा २०० वॅट खर्च होतात कॅमेऱ्यांकडे, पण पॉवर सप्लायमध्ये वाया जाणारे पंचवीस-तीस वॅट डब्यातच तापतात, हे लक्षात राहत नाही.

रॅकमध्ये आधी हवेची दिशा बघा. टिश्यू पेपरची पट्टी जाळीसमोर धरा, चिकटली तर हवा आत, उडाली तर बाहेर. काही स्विच पुढून मागे फुंकतात, काही उलट, काही डावीकडून उजवीकडे, आणि शेजारचे दोन उलटसुलट बसवले की एकाचा गरम श्वास दुसऱ्याच्या नाकात.

आता आवाज कसला ते ऐका. एकसारखा सूंऽऽ असेल तर हवेचा, म्हणजे तापमान बघा, सीएलआयमध्ये (स्विचला टाइप करून हुकूम द्यायची स्क्रीन) शो एन्व्हायर्नमेंटसारखी कमांड असते. कर्रर्र किंवा टकटक असेल तर बेअरिंग गेलंय, त्याच स्पेकचा नवा पंखा टाका. धूळ एअर ब्लोअरने काढताना पातं बोटाने किंवा काडीने अडवून धरा, नाहीतर ते भन्नाट फिरतं आणि कर्रर्र नव्हतं तिथे सुरू होतं. आणि हो, स्विच बंद करून, प्लग काढून.