सेमिस्टरची ध्येयं आठवड्यात बसवताना

कॉलेज सुरू झालं की पहिल्या पंधरवड्यात वहीच्या मागच्या पानावर एक यादी तयार होते: नऊच्या वर सीजीपीए, फाडफाड इंग्रजी, जिम, एमपीएससीचा पाया, एक्सेल, रोज पहाटे पाचला उठणे. गणपती येईपर्यंत त्यातलं बहुतेक सुटलेलं असतं. दोष चिकाटीला दिला जातो, पण घोळ बहुतेक वेळा हिशोबाचा असतो. यादीला किती तास लागणार आणि हातात किती आहेत, हे कुणी शेजारी शेजारी मांडलेलंच नसतं. त्यामुळे ध्येय ठरवण्याआधी तास मोजा.

हातात किती तास आहेत

आठवड्याचे १६८ तास. कागलकडच्या एखाद्या गावातून रोज एसटीनं कोल्हापूरला येणारा विद्यार्थी धरू. झोप रोज सात तास, म्हणजे ४९. लेक्चर आणि प्रॅक्टिकल मिळून ३०. स्टँडवर थांबण्यासकट प्रवास रोज अडीच तास, सहा दिवसांचे १५. जेवण, अंघोळ, घरची बारीकसारीक कामं रोज तीन तास, म्हणजे २१. सकाळ-संध्याकाळ वैरण, धारा, डेअरीला दूध घालणं यात रोज दीड तास, म्हणजे साडेदहा. बेरीज साडेएकशेपंचवीस. उरले साडेबेचाळीस.

हे सगळे तास अभ्यासाचे समजलात की फसलात. दमणूक, मित्र, मोबाईल, पाहुणे, लग्नकार्य यांना वाट द्यावीच लागते, म्हणून उरलेल्याचा निम्माच धरा: २१ तास. रूमवर राहणाऱ्याचे प्रवासाचे १५ तास वाचतात खरे, पण मेसच्या वेळा, कपडे धुणं आणि 'चल रे, रंकाळ्यावर एक चक्कर टाकून येऊ' यात त्यातले बरेच जातात. त्यानंही निम्म्याचाच नियम पाळावा.

२१ तासांत तीन ध्येयं बसतात: अभ्यासाचं एक (१२ तास), कौशल्याचं एक (पाच तास) आणि स्वतःच्या तब्येतीचं किंवा व्यवहाराचं एक (चार तास). चौथं हवं असेल तर तिघांतलं एक काढा. कुठलं काढायचं हे ठरवताना चार दिवस गेले तरी चालतील, पण चारही ठेवू नका.

अभ्यासाचं ध्येय आकड्यात

'चांगले मार्क पाडायचे' या वाक्यावरून उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. सीजीपीए म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरची सरासरी, एसजीपीए म्हणजे एकाच सेमिस्टरची; क्रेडिट म्हणजे त्या हिशोबात पेपरचं वजन. सीजीपीएचं गणित उलट बाजूनं करा. समजा पहिल्या दोन सेमिस्टरचे एसजीपीए ६.८ आणि ७.० आहेत आणि सीजीपीए ७.५ हवा आहे. प्रत्येक सेमिस्टरला सारखेच, म्हणजे २२ क्रेडिट धरले, तर तिसऱ्याच सेमिस्टरला तिथं पोचायला ८.७ लागतील. दोन वेळा सातच्या आसपास राहिलेल्याला ही उडी अवघडच. तेच ध्येय सहाव्या सेमिस्टरअखेर ठेवलं तर सहा सेमिस्टरची बेरीज ४५ हवी. त्यातले १३.८ झालेत, उरलेल्या चार सेमिस्टरमध्ये ३१.२ मिळवायचे, म्हणजे दर वेळी ७.८. हे जमण्यासारखं आहे.

आता हा ७.८ कुठून आणायचा? २२ क्रेडिटमध्ये चार क्रेडिटच्या पेपरात एक ग्रेड पॉइंट वाढला की एसजीपीए ०.१८ नं वर जातो, दोन क्रेडिटच्या पेपरात ०.०९ नं. म्हणून बारापैकी आठ तास मुख्य विषयाच्या मोठ्या पेपरांना द्या. पण दोन क्रेडिटच्या विषयांकडे 'ह्यो काय पेपर हाय व्हय' म्हणून कानाडोळा करू नका. ओपन इलेक्टिव्ह, पर्यावरण, भाषेचा पेपर यांत नापास होणारे बहुतेक वेळा हुशारच असतात, फक्त त्यांनी सबमिशन दिलेलं नसतं. अंतर्गत गुण हे सगळ्यात स्वस्त गुण आहेत. सेमिनार, चाचणी, जर्नल यांच्या तारखा पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना विचारून वहीत लिहा. लेखी आणि अंतर्गतमध्ये वेगवेगळं पास व्हावं लागतं का, हेही अभ्यासक्रमाच्या पत्रकात बघून ठेवा.

मागच्या प्रश्नपत्रिका काढताना एक धोका असतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलले आहेत, आणि झेरॉक्सच्या दुकानात जुन्या पॅटर्नचे संच अजूनही मिळतात. आधी पेपरचा कोड आणि युनिटची नावं जुळवा. जुळले तर प्रत्येक प्रश्नापुढं युनिटचा नंबर टाका, कुठल्या युनिटवर किती गुण येतात ते आपोआप दिसेल. 'अपेक्षित' पाठ करून पास होता येतं, ७.८ मिळत नाही. कारण प्रश्न जरा फिरवून आला की पाठांतर उघडं पडतं.

वही मिटून लिहिणे

बारा तासांत काय करायचं? पुन्हा पुन्हा वाचणं ही सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात दुबळी पद्धत. ओळी ओळखीच्या वाटू लागतात आणि आपल्याला येतंय असा भ्रम होतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवर केलेले विसरण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं, मग मंदावतं, हे त्यातून दिसलं. म्हणून पहिली उजळणी लेक्चरच्याच दिवशी करा, मग दुसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. दर वेळी वही मिटून.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचं एक उदाहरण घेऊ. आज वर्गात मागणीची लवचिकता झाली. संध्याकाळी कोरा कागद घ्यायचा, दहा मिनिटं लावायची आणि आठवेल ते लिहायचं: व्याख्या, सूत्र, पाच प्रकार, त्यांच्या आकृत्या, कशाकशावर ती अवलंबून असते. मग वही उघडून राहिलेलं लाल पेननं भरायचं. शेवटी स्वतःच एक गणित तयार करायचं. गुळाचा दर किलोला ५० वरून ५५ झाला, म्हणजे १० टक्के वाढ. मागणी १०० क्विंटलवरून ९६ वर आली, म्हणजे ४ टक्के घट. लवचिकता ०.४, म्हणजे मागणी कमी लवचिक. मग स्वतःला विचारायचं, असं का? गुळाला पर्याय कुठले, आणि पोळीला लागणारा गूळ लोक दर वाढला म्हणून किती कमी करतील? हा कागद फेकू नका. सातव्या दिवशी नवा कागद लिहून दोन्ही शेजारी ठेवा. लाल शाई कमी झाली नसेल तर तो भाग शिक्षकांना विचारायचा.

पूर्ण मुद्द्याला अर्धा तास पुरतो. बारा तासांत आठवड्याचे सगळे मोठे मुद्दे असे होतात आणि गणितं किंवा दीर्घोत्तरं लिहायलाही वेळ उरतो.

अभ्यासिकेबद्दल थोडं. शहरात अभ्यासिका गल्लोगल्ली झाल्या आहेत आणि तिथं बसल्यानं शिस्त लागते. पण दहा तास खुर्ची अडवून तीन तासांचं काम होत असेल, तर मोजायचे ते तीनच. संदर्भासाठी विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे, आणि १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर अवांतर वाचनासाठी उत्तम.

कौशल्य: एका सेमिस्टरला एकच

इथं सगळ्यात जास्त गळती होते. मुलं स्वयम किंवा एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या सरकारी मंचांवर चार-चार कोर्सना नाव घालतात, पहिले दोन व्हिडिओ बघतात आणि थांबतात. नाव घालायला पैसे लागत नाहीत, त्याचा हा परिणाम. प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी मात्र वेगळी असते. एनपीटीईएलच्या कोर्सात अंतिम गुणांपैकी २५ असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० हवेत, दोन्ही अटी स्वतंत्र. बारा आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात, म्हणजे चार चुकल्या तरी निभावतं, पण सुरुवातीलाच चार घालवल्या की पुढं श्वास घ्यायला जागा नाही. क्रेडिट हवे असतील तर नाव घालण्याआधीच कॉलेजच्या समन्वयकांकडून खात्री करून घ्या. कोर्स संपल्यावर विचारलं की 'आपल्या यादीत हा कोर्स नाही' असं उत्तर मिळू शकतं. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं (क्रेडिट जमा होण्याचं) खातं आणि अपार आयडीवरचं (विद्यार्थ्याच्या ओळख क्रमांकावरचं) नाव आधार व मार्कशीटशी अक्षर न् अक्षर जुळतं का, तेही पाहा.

कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला खरा फायदा शेजारच्या उद्योगाचा आहे, आणि त्याचाच वापर कमी होतो. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथं फौंड्री (धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने) आणि मशिन शॉप आहेत. ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) किंवा फिल्ड प्रोजेक्टसाठी सहा आठवडे आधी कॉलेजचं पत्र घेऊन जा, आणि 'काहीतरी शिकायला द्या' असं न म्हणता नेमकं काम मागा. इंजिनिअरिंग किंवा विज्ञानाच्या मुलानं एका महिन्याच्या रिजेक्शनची, म्हणजे बाद झालेल्या मालाची, नोंद मागावी: ब्लो होल किती, श्रिंकेज (धातू थंड होताना आकसून पडणारी पोकळी) किती, वाळू अडकल्यानं किती गेले. ब्लो होल म्हणजे वितळलेल्या धातूत अडकलेल्या वायूची पोकळी. वाळूत ओल जास्त झाली की तिची वाफ होते, आणि साच्यातून बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) राहते. कारणनिहाय आकडे उतरत्या क्रमानं लावले की पहिल्या दोन कारणांवरच अहवाल उभा राहतो. कॉमर्सच्या मुलीनं जॉबवर्कची (माल दुसऱ्याकडे पाठवून करून घेतलेल्या कामाची) चलनं मागावीत. जीएसटी कायद्यानुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो. कुठल्या चलनाचा माल अजून आलेला नाही, याची एक्सेल शीट करून दिली तर मालक पुढच्या सुट्टीत स्वतः बोलावतात.

इंग्रजी हे ध्येय असेल तर तेही मोजता येईल असं करा. दर सोमवारी आपल्याच विषयातला एक मुद्दा दोन मिनिटं बोलून मोबाईलवर रेकॉर्ड करायचा, ऐकायचा, जिथं अडखळलो ते शब्द लिहायचे, आणि गुरुवारी तोच मुद्दा पुन्हा. सेमिस्टरअखेर कागद न बघता सहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. रोज नवा विषय घेतला की सुधारणा दिसत नाही आणि उत्साह आटतो.

तब्येत, पैसा, कागद

आठवड्यातून चार दिवस चाळीस मिनिटं पुरे. तालीम असो, पळणं असो, जवळ असेल ते. दूरच्या महागड्या जिमची वर्षाची फी एकदम भरू नका, पहिला महिना भरा.

खर्च रोज रात्री दोन ओळींत लिहा. आणि महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीची फाईल हेही एक ध्येय माना: उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं, मागच्या वर्षाची मार्कशीट. दर वर्षी नूतनीकरण लागतं. दाखला शेवटच्या आठवड्यात काढायला गेलं की सेतू केंद्रातली रांग बघूनच घाम फुटतो.

एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) नाव दिलं असेल तर तास आधीच वजा करा: वर्षाला १२०, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. म्हणजे आठवड्याला तीन-चार तास गेलेच.

इथलं कॅलेंडर

सेमिस्टर पंधरा आठवड्यांचं दिसलं तरी नियोजन बाराचं करा. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा चढते. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. त्याच्या आसपास पाणी आलं की अनेक गावांचे रस्ते आणि एसटीच्या फेऱ्या बंद होतात. वीज आणि नेटही दगा देतं. म्हणून महिनाभराचे पीडीएफ मोबाईलमध्ये उतरवून ठेवा आणि असाइनमेंट शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. गणपती आणि नवरात्रात अभ्यास निम्माच धरा, पूर्ण धरून रोज स्वतःवर चिडण्यापेक्षा ते बरं.

दुसऱ्या सेमिस्टरमध्ये शाहू स्टेडियमवर पेठेचा फुटबॉल सामना असतो, चैत्रात जोतिबाची यात्रा असते, आणि शेतकऱ्याच्या घरात ऊसतोड असते. तोड कधी मिळेल ते नक्की नसतं, पण टोळी रानात आली की तीन-चार दिवस घरचं माणूस लागतंच. याला 'अभ्यास बुडाला' म्हणू नका, मोकळे ठेवलेले तीन आठवडे याचसाठी आहेत.

रविवारची वीस मिनिटं

एका कागदावर तीन ध्येयं, त्यांचे ठरवलेले तास आणि झालेले तास. एवढंच. रंगीत पेनं आणि ॲप यांत वेळ जातो, काम होत नाही. एखादं ध्येय सलग दोन आठवडे निम्म्याहून कमी झालं तर तास निम्मे करा. तरीही पुढचे दोन आठवडे तसेच गेले तर ते या सेमिस्टरपुरतं सोडा आणि ते तास अभ्यासाला द्या. वाढवायचं असेल तर एकाच ध्येयाचे, आणि आठवड्याला एका तासानं.

सहाव्या आठवड्यात हा कागद घेऊन एका शिक्षकांना भेटा. 'सर, मार्गदर्शन करा' म्हणालात तर दोन गोड वाक्यं मिळतील. त्याऐवजी लाल शाईचे दोन कागद पुढं ठेवा आणि विचारा, 'मॅडम, या उत्तराला दहापैकी किती दिले असते, आणि उरलेले कशासाठी कापले असते?' पंधरा मिनिटांची वेळ आधी मागून घ्या, लेक्चर संपल्यावर दारात गाठू नका. सांगितलेली दुरुस्ती त्याच आठवड्यात करून तोच कागद परत दाखवायला न्या. असं परत येणारे विद्यार्थी फार थोडे असतात, त्यामुळे पुढच्या वेळी वेळ मागायला अडचण येत नाही.